दाढीवाला साप

रिफा, बहरीन
१२ जानेवारी २०२५

प्रिय ग्रेगरीदादा,

सप्रेम जय येशू. वहिनीचे गुडघे कसे आहेत? इथे थंडी मस्त पडलीय. तुझा सॅव्हिओ इथल्या हिद्दहून रजेवर घरी निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि टॉवेलात गुंडाळलेली सुरई पाठवतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर तू वाचतोस आणि गप्प बसतोस, म्हणून हा खटाटोप.

सुरई मी रंगवलीय! हसू नकोस. माझ्या मेलिसानेच मला शुक्रवारच्या क्लासला ढकललं. नुसरत टीचरनी प्राचीन ग्रीक सुरयांची चित्रं दाखवली. लाल मातीवर काळे साप, आणि सापांना चक्क दाढ्या! ते लोक सापाला राखणदार मानायचे म्हणे. मी चित्र निवडलं ते असं: बाई वाटी पुढे करतेय आणि साप पितोय.

आणि काय घोळ घातला माहितेय? पहिल्या सुरईवर बाईचा पाय थेट सापाच्या शेपटीवर! जन्मभर मरियामाउलीच्या पायाखालचा साप पाहिलेला, हात आपोआप तिकडेच गेला. शेजारी बसलेले हरिदास म्हणाले, "मॅडम, त्याला पाजताय की चिरडताय?" मी इतकी हसले की ब्रश खाली पडला. भाजून आल्यावर मी ती फेकणार होते, तर म्हणाले, मला द्या. त्यांच्या घरी बुद्धमूर्तीच्या डोक्यावर नागाने फणा धरलाय. तिच्याशेजारी माझी ती चूक मांडून ठेवलीय.

हो दादा, तेच हरिदास, ज्यांचं नाव ऐकून तू फोन ठेवलास. आमच्या हॉस्पिटलात मशिनी दुरुस्त करतात. माझ्यासारखाच त्यांचाही जोडीदार गेला. मी सुखात आहे रे, खरंच. ते धर्म बदलणार नाहीत, मीही नाही. फादरनी बिशपांची परवानगी आणलीय. मेलिसा म्हणते, "मम्मा, जस्ट गो!"

लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी आहे. वेदीपर्यंत कोण नेणार, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. बाबांच्या जागी तूच आहेस. तू नाही आलास तरी लग्न होईल, पण मग मी एकटीच चालत जाईन. दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही.

तुला पाठवलेली सुरई दुसरी आहे. हिच्यावर बाईचा पाय बाजूला आहे, चष्मा लावून तपासून घे. सापाची दाढी मात्र मुद्दाम तुझी काढलीय.

वाटी पुढे धरून उभी असलेली,
तुझी मॅगी