जागेपणी म्हणायचं स्तोत्र

प्रिय धाकटे,

मी घाबरलेय. इकडचं तिकडचं लिहून मग हळूच सांगावं असं ठरवलं होतं, पण हात ऐकत नाही. डोक्यात गाठ निघालीय, लिंबाएवढी, आणि बरोब्बर बोलण्याच्या जागेला चिकटलीय. गुरुवारी काढणार. तुझे भावोजी म्हणाले, इतकी वर्षं तुझी बोलती बंद व्हायची वाट पाहिली, पण अशी नव्हे गं. आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसले. नळाच्या आवाजात रडणं लपतं असं त्यांना वाटतं.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मी इस्त्री करते त्या ऑपरेशनच्या हिरव्या चादरी तुला दाखवल्या होत्या, मधोमध चौकोनी भोक असलेल्या. आजवर त्या भोकाखाली कोण असेल हा विचार मनाला शिवला नव्हता. काल एकच चादर तीनदा घडी घालून तीनदा उलगडली. सोबतिणीने चादर काढून घेतली आणि मला चहा पाजला.

डॉक्टरीणबाई म्हणतात, कवटी उघडेपर्यंत झोपवू, मग जागं करू. मी सारखं बोलत राहायचं. शब्द चुकला की त्या हात थांबवणार, म्हणजे वाचा वाचेल. तोंडपाठ असेल ते म्हणा म्हणाल्या. मला काय पाठ असणार? आईने वेण्या घालताना आपल्या दोघींकडून घोकून घेतलं ते बायबलातलं एकशे तिसरं स्तोत्र. भांडी घासताना म्हणून बघते, तर देवाच्या उपकारांपाशी येते आणि पुढची ओळ गायब. असल्या वेळी स्तुती म्हणजे खोटं बोलल्यासारखंच वाटतं. चर्चमधल्या पाळकांना विचारलं, तर म्हणाले, विश्वास ठेवा. ठेवलाय हो, पण भीती कुठे ठेवू? मग लक्षात आलं, त्या स्तोत्रातला माणूस आपल्याच जिवाला बजावतोय की देवाचा धन्यवाद कर, विसरू नकोस. ज्याला स्वतःला असं दटावावं लागतं, त्याचा जीव काही निवांत नसणार. तेवढ्याने जरा बरं वाटलं. फार नाही.

आता खरं काम सांगते. वाचा तपासणारी बाई माझ्याजवळ बसेल, पण तिला स्तोत्र येत नाही. कागदात बघून चूक कळेपर्यंत उशीर होईल, म्हणून पाठ असलेलं घरचं एक माणूस आत हवंय, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. पाळकांना रक्त बघून घेरी येते. तुझे भावोजी दोन ओळींपुढे जात नाहीत. तुझ्या लेकाला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी चर्चच्या मंडळीने हेच स्तोत्र म्हटलं आणि तू उठून गेलीस; तेव्हापासून तुझ्या तोंडून ते कुणी ऐकलं नाही. का, ते मला आत्ता कळतंय. मी तुला स्तुती करायला बोलावत नाही गं. ओठसुद्धा हलवू नकोस. देवावर रागावलेलीच ये. नुसती माझ्यापाशी बस, ऐक, आणि माझा शब्द चुकला की हात वर कर.

तुझीच घाबरट,
ताई