सोयाबीनच्या दाण्यांनी मोजलेला फाटा

ती. पंकजाआक्कास,

धाकट्या राजेश्रीचा वाकून नमस्कार, दाजींना बी सांग. तुझी कंबर कशी हाय? पाचटाच्या कोपीत वारं घुसतंय का? (आतून जुनी साडी बांध, मागच्या साली बांधली होती तशी.) इकडं सासूबाईंचा खोकला सोडला तर समदे ठीक. फोनच केला असता, पण दाजी स्पीकर लावतात आन् माझं रडगाणं आख्ख्या टोळीला ऐकू जातं. म्हणून ही चिठ्ठी ट्रॅक्टरवाल्या सितारामभाऊजवळ देतेय. भावाच्या लग्नाच्या सुपारीला गावी आला होता, उद्या कारखान्यावर परत चाललाय.

दुकानाचं विचारलं होतंस. काय सांगू बाई! ह्यांच्या मणक्याला आता मोळी झेपायची न्हाई असं परभणीच्या डॉक्टरनं बजावलं, म्हणून तर ह्या साली ऊसतोड सोडून आमी शिवणकामाचं दुकान टाकलं. होळीपर्यंत चाललं तर चाललं, न्हाईतर पुढच्या दिवाळीला परत कोयता, आन् मग ह्यांचा मणका कायमचा गेला म्हणून समज. तवा जागा नीट बघून घ्यायची ठरली. ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. त्यात एक कोटवाला सांगत होता, आधी माणसं मोजा, मग जागा घ्या. झालं! दिवाळी सरली न सरली तोच ह्यांनी उजव्या खिशात सोयाबीन भरलं आन् तीन दिवस फाट्यावरच्या लिंबाखाली ठाण मांडलं. माणूस गेला की एक दाणा उजव्यातून डाव्यात. गाठोडंवाली बाई गेली की दोन, कारण ती म्हणे खरेदीवाली! (अडतवाले भगवानराव येऊन दाणे दाताखाली फोडून गेले. ओल जास्ती हाय म्हणले.) तिसऱ्या दिवशी घरी येऊन सासूबाईंपुढं परातभर सोयाबीन ओतलं आन् म्हणले, "आये, बघ, एवढी गिऱ्हाईकं!"

आता तू कपाळाला हात लावशील. अगं, दिवाळीनंतरचे तीन दिवस! फाट्यावर ऊसतोडीचे ट्रॅक्टर लागलेले! ती गर्दी दुसरी कुणाची असणार? बारा वर्षं त्याच फाट्यावरून ट्रॅक्टरवर चढलेला माणूस, आन् मोजलं कुणाला, तर गाव सोडून जाणाऱ्यांना! तू बी हायस त्या परातीत. गाठोडं होतं म्हणून दोनदा.

शेवटी फाट्यावरच जागा घेतली. दुकानाच्या मुहूर्ताला नारळ फोडला, तर खोबरं खायला माणूस मिळंना. आजवर शेजारची केशरबाई तेवढी आली, फाटकी पिशवी घेऊन. एक मास्तर आले, जिंतूरची एसटी गेली का विचारायला. बाकी शेळी आली, तिनं अस्तर खाल्लं. हे मात्र रोज सकाळी दुकान झाडतात, बोर्ड पुसतात, आन् मी तोंड उघडायच्या आत चहा आणून ठेवतात. काल सासूबाईंदेखत म्हणले, "राजेश्रीच्या शिलाईत खोट न्हाई, खोट माझ्या मोजण्यात हाय." लय वाईट वाटलं गं. रागवावं तर हा माणूस जेवत न्हाई, आन् न रागवावं तर मला करमत न्हाई.

पायाला जप. ऊस निसरडा असतो.

तुझी,
राजेश्री

ता.क. एक काम कर. टोळीतल्या बायांना म्हणावं, तिकडच्या बाजारातून कापड घ्या आन् मापाला एकेक जुनं झंपर द्या. सितारामभाऊ पुढच्या महिन्यात भावाच्या लग्नाला येईल, त्याच्याजवळ समदं पाठव. तुमी परत येईस्तोवर शिवून ठेवते. गिऱ्हाईकं गेली म्हणून काय झालं, मापं तर येतील! एवढं केलंस तर आमचं हे साल निघतंय.

आणखी एक. एवढं वाचून फाडून टाक. फाट्याची जागा ह्यांची न्हाई, माझी. ह्यांनी पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाजवळ चांगला गाळा बघून ठेवला होता. मीच हटून बसले, फाटाच पायजे. सासूबाई फाट्याचं ऐकंनात, म्हणून ते दाण्यांचं सोंग. ती गर्दी कुणाची, हे ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आता आख्खा गाव ह्यांना हसतोय, आन् हे हसू देतात, माझं नाव घेत न्हाईत. आक्का, बारा सालं तुझ्या शेजारच्या कोपीत काढली. ह्या साली पहिल्यांदाच तू माझ्याबिगर गेलीस. पोखर्णीत बसले असते, तर तुझा ट्रॅक्टर कधी आला ते मला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं असतं. मशीन रस्त्याकडं तोंड करून मांडलीय. उजेडासाठी, असं समद्यांना सांगितलंय.