उभं राहाचा व्यायाम आज नको

सुरभी,

यवतमाळच्या दवाखान्यातून फोन आलता. माय पहाटे गेली. तू वावरात कापूस वेचाले गेलती, थांबता आलं नाही. तिले आणाले चाललो. बाबाले सांगू नको, मी आल्यावर सांगतो.

त्याइचा व्यायाम आज तुलेच घ्या लागन. लकव्याच्या हातानं चेंडू दाबणं सोपं आहे, खुशाल करू दे. हात वर उचलताना दम लागते, मधात थांबव. बाजेवरून उठून उभं राहणं सगळ्यात जड जाते, छाती धडधडते. ते आज नकोच. हट्ट करतीन, कारण माय घरी येईन तवा त्याइले दारात उभं राहाचं आहे.

निघताना बाबानं मायचं नाव घेऊन इचारलं, "मैनेले कवा आणतं?"

"संध्याकाळी," म्हनलो. खोटं नाही बोललो.

त्याइनं धुतलेला सदरा मागितला आहे. घालून देजो.

अमर