बंद न होणारी पेटी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. भावोजींचा गुडघा आणि तुझा स्वभाव दोन्ही जागच्या जागी असतील, असं धरून चालतो. (स्वभावाबद्दल शंकाच नाही.) गाठ काढली, औषधं झाली, आता तपासणीला जाणार नाही, विषय संपला, असं तू फोनवर ठणकावलंस. विषय खरंच संपतो का, हे विचारायला मी लेकीच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे स्तनाच्या कर्करोगाच्याच पेशी वाढवतात. जी ब्याद तुझ्या अंगातून काढायला आपण एवढा आटापिटा केला, तिलाच ही मंडळी खाऊपिऊ घालून सांभाळतात! माझं डोकं तिथेच गरगरलं.

लेकीने समजावलं ते असं : बहुतेक पेशी औषधाने मरतात, पण काही मूळपेशींसारख्या चिवट असतात. त्या गप्प पडून राहतात आणि आतल्या आत निरोप फिरला की उठून नव्याने संसार थाटतात. (निरोप कुणाचा, कधी, कशाला, हे विचारलं तर ती फळ्यावर बाणच बाण काढत सुटली.) मी म्हटलं, मग निरोपाची वायर तोडा की! उभा जन्म वायरमनकीत गेला, दुसरं काय सुचणार? ती हसली आणि फोन घ्यायला बाहेर गेली.

कोपऱ्यात कपाटाएवढी एक विजेवरची पेटी चालू होती, जवळ चिटपाखरू नाही. माझी खोड तुला ठाऊक आहे, रिकाम्या खोलीतला पंखासुद्धा मला बघवत नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं. पेटी चालूच. मागचा प्लग उपटला. तरी चालूच! तेवढ्यात भोंगा बोंबलायला लागला आणि पांढरे डगलेवाले चहूकडून धावत आले. आत लेकीने वाढवलेल्या पेशी उबेला ठेवल्या होत्या. पेटीला बॅटरीची वेगळी जोडणी होती म्हणून माझी अब्रू वाचली. लेक कडाडली, "बाबा, पेशीही हेच करतात. एक वाट अडवली की निरोप दुसऱ्या वाटेने जातो!"

घरी आलो तो गोंधळ डोक्यात घेऊनच. तुझ्यात तसल्या पेशी उरल्यात का? ठाऊक नाही. उठतील का? तेही नाही. लेक म्हणते, कित्येक जणींना पुन्हा काहीच होत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. बटण बंद म्हणजे पेटी बंद, एवढं मात्र मी पुन्हा म्हणणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तपासणीला चल. मी सोबत येतो. मला भीती वाटते गं, ताई.

आणखी एक ता. क. तू नाहीच म्हणणार, म्हणून हेच पत्र भावोजींना, सूनबाईला आणि तुझ्या शेजारणीलाही धाडलंय. किती वाटा अडवशील?