झोपलेल्या मुलांचं कमी माणसांत भागतं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, गुडघा वाकत नाही). तू आणि भावजी सुखरूप असाल असं धरून चालते आणि मूळ मुद्द्यावर येते. आमची नात हल्ली रात्रभर टक्क जागी असते. चिरंजीव आणि सूनबाई दमून घोरतात आणि ती माझ्या पोटावर बसून विचारते, "आजी, झोपलीस का?" दिवसा ती सरकारी पाळणाघरात असते. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नियम असा, की जाग्या पाच मुलांमागे एक बाई हवी, झोपलेल्या दहांमागे एक चालते (नियम करणाऱ्यानं जन्मात मूल झोपवलेलं नसणार). पदं मंजूर आहेत, बायका नाहीत. म्हणून सेविका कमी आल्या की तिथल्या मोठ्या बाई सकाळीच पडदे ओढून सगळ्यांना गाद्यांवर आडवं करतात!

माझं डोकं फिरलं. चार पानी तक्रार लिहिली आणि मोठ्या बाईंच्या तोंडावर मारायला गेले, तर त्याच रडकुंडीला आलेल्या. "आजी, तपासणीचे साहेब फाटकात आलेत. आज आम्ही दोघीच. पोरं झोपली नाहीत तर खोली बंद करतील."

"करू देत की!"

"मग नात दिवसभर तुमच्याकडेच."

ताई, माणसानं तत्त्वाला धरून राहावं हे खरं, पण तत्त्व काही मुलीला दिवसभर कडेवर घेत नाही. आत वीस पोरं गाद्यांवर उड्या मारत होती. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर लावायच्या तो आवाज मी लावला. सगळी आडवी झाली, पण डोळे टक्क उघडे. गाणं मला येत नाही आणि हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून तक्रारच मोठ्यानं वाचायला घेतली. 'महोदय, आपल्या निदर्शनास आणू इच्छिते की...' पहिल्या पानात पुढची रांग गारद. दुसऱ्यात आमची नात, जी कुठल्याही अंगाईला भीक घालत नाही, तोंड उघडं टाकून गाढ. साहेब दारात उभे राहून डोकी मोजत होते, ते मोजता मोजता खुर्चीत बसले. तिसऱ्या पानावर मी त्यांच्याच खात्याची सालटी काढली होती, तिथे ते घोरायला लागले. उठल्यावर मलाही सेविकांत धरून शेरा मारला : कर्मचारी पुरेसे. पुरेसे!

तुझी,
धाकटी

ता. क. तक्रार अजून दिलेली नाही. रोज लागते. वाचायला मीच जाते (बिनपगारी, सूनबाईला कळवू नकोस). नात आता दिवसा इतकी झोपते, की रात्रीचं विचारूच नकोस.

ता. क. २. पोरांना तक्रार पाठ झाली आहे. काल मी 'महोदय' म्हणताच पुढचं वाक्य सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. तेव्हा नवीन मजकूर हवा. तुझ्या सुनेबद्दलचं तुझं मागचं पत्र मी तीनदा वाचायला घेतलं, दुसऱ्या पानापुढे एकदाही जागी राहिले नाही. तसंच एक ताबडतोब लिही. लांबलचक. फक्त मध्येच तिचं कौतुक करू नकोस. आश्चर्यानं पोरं जागी होतील.