रॅशबर्न टाउन क्लबला पौंडामागे दोन पेन्स

मी, विल्फ्रेड ऑर्मरॉड, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा मटणाचे सारण भरलेल्या पाई भाजण्याचा, राहणार सोळा, बॉबिन स्ट्रीट, रॅशबर्न, लँकेशायर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. फुफ्फुसे कामातून गेल्याचेही त्याच डॉक्टरांनी सांगितले, पण त्याचा दाखला कोणी मागितलेला नाही. माझ्या वकील नसरीन मलिक यांनी मजकूर कायद्यात बसवला आहे. जिथे तो बसला नाही, तिथे मी हट्टाने तसाच ठेवायला लावला आहे.

पहिले. माझी पत्नी ब्रेंडा हयात असताना आम्ही दोघांनी २००९ साली केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात आमचे अर्धे घर मुलगी जिलियन हिला आणि अर्धे रॅशबर्न टाउन फुटबॉल क्लबला दिले होते. जिलियनने तेव्हा कुरकूर केली नव्हती. आमच्या घरात क्लबला दिलेले हे घरातच राहिले असे समजण्याची पद्धत होती. ब्रेंडाच्या वडिलांनीही स्वतःचे घड्याळ क्लबच्या लिलावाला दिले होते आणि पुढे जन्मभर ते लोकांना वेळ विचारत फिरले.

दुसरे. बॉबिन स्ट्रीटवरचे राहते घर, मागच्या अंगणासह आणि कोळशाच्या खोलीसह, संपूर्णपणे जिलियनला द्यावे. ती सोळाव्या वर्षापासून आमच्या दुकानाच्या गल्ल्यावर उभी राहिली. दुकान बंद पडले तेव्हा तिला दुसऱ्याच्या दुकानात फळ्यांवर माल लावण्याचे काम धरावे लागले. दुकान का बंद पडले ते तिसऱ्या कलमात येते. नसरीनबाईंचे म्हणणे, मृत्युपत्रात कारणे लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग कुठे लिहायची ते सांगा, मी तिथे जाऊन लिहितो. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहून घेतले.

तिसरे, कारणे. एकतीस वर्षे टॅनर्स लेनच्या मैदानावर दर घरच्या सामन्याला आमच्या मटणाच्या पाया नव्हे, पाई जात. (हा शब्द लिहिताना नसरीनबाईंच्या टंकलेखकाने घोळ घातला, तो मी दुरुस्त केला.) क्लबकडे पैसे थकत, उन्हाळ्यात फिटत, पुन्हा थकत. मग एका हिवाळ्यात मालक परदेशी निघून गेला, आणि कोर्टाने नेमलेला प्रशासक क्लबच्या कचेरीत येऊन बसला. सामने भरवणाऱ्या लीगने दिवाळ्याची शिक्षा म्हणून संघाचे बारा गुण कापले. तेही आम्ही सोसले, कारण गुण मैदानावर परत मिळवता येतात.

खरी मेख पुढे होती. लीगचा नियम असा, की बुडालेल्या क्लबला लीगमध्ये राहायचे असेल तर फुटबॉलची देणी आधी आणि पुरती फेडायची. म्हणजे खेळाडूंचे पगार पूर्ण, आणि दुसऱ्या क्लबांकडून आणलेल्या खेळाडूंची किंमत पूर्ण. उरलेल्यात बाकीचे सगळे. खेळाडूंचे कपडे धुणारी मॉरीन स्लेटर, मैदानावर पडलेल्यांना स्ट्रेचरवर घालणारे प्रथमोपचाराचे स्वयंसेवक, आणि मी. आमच्या वाट्याला पौंडामागे दोन पेन्स आले. आमचा मध्यरक्षक पायाला पट्टी बांधून सबंध हंगाम बाकावर बसला होता, त्याला शेवटच्या पेनीपर्यंत सगळे मिळाले. त्याच्यावर माझा राग नाही. तो माझ्याच पाई खात बसे.

ही दोन पेन्सची तडजोड मान्य करायची की नाही, यासाठी क्लबच्या सभागृहात घेणेकऱ्यांची सभा भरली. ज्याची रक्कम मोठी त्याचे मत वजनदार, आणि गावातल्या घेणेकऱ्यांत माझी रक्कम सगळ्यांत मोठी होती. मी नाही म्हटले असते तर तडजोड मोडली असती आणि लीगने क्लबला बाहेर काढले असते. दुसऱ्या गावात पाईवाला असे मत देताना शंभरदा विचार करील. आमच्याकडे घेणेकरी गळ्यात क्लबचे मफलर घालून आले होते.

तरी मी हात वर करायला कचरत होतो. तेव्हा माझा मेहुणा रेमंड डकवर्थ उठला. रेमंड म्हणजे ब्रेंडाचा धाकटा भाऊ. संघाला गावोगाव नेणाऱ्या बसगाड्या त्याच्या, आणि क्लबच्या संचालक मंडळावर तो आम्हा प्रेक्षकांचा निवडून दिलेला प्रतिनिधी.

"विल्फ, माझ्याकडे बघ," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "माझेही पैसे अडकलेत ना? मीही दोन पेन्सच घेतोय. आपण एकाच बसमधले आहोत रे! तू एकटा उतरणार आहेस का?"

मी हात वर केला. लोकांनी मला खांद्यावर घेतले. गाणी म्हटली, त्यात माझे नाव घातले. मोसमाच्या शेवटच्या दिवशी बारा गुण कापूनही संघ खालच्या विभागात जाण्यापासून वाचला, आणि मी लहान मुलासारखा रडलो. त्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीवाल्याने मला उधार देणे बंद केले. सप्टेंबरात मी दुकानातल्या तिघींना घरी बसवले आणि भट्टी भंगारवाल्याला दिली.

ब्रेंडा त्या नाताळाच्या आधी गेली. दफनानंतरचा चहा रेमंडच्या घरी होता, कारण त्याच्याकडे मागच्या बाजूला बागेत काचेची नवी मोठी खोली होती. रेमंडची बायको सिल्व्हिया तिथे कोणाला तरी कौतुकाने सांगत होती, "क्लबचे पैसे बुडायच्या आधी सुटले हो आमचे! रेमंडला आधीच कळलं होतं ना. जानेवारीतच सगळे काढून घेतले, म्हणून ही खोली झाली. नाहीतर बसलो असतो आपण स्वयंपाकघरात दाटीवाटीनं."

माझ्या हातात काकडीचे सँडविच होते. मी रेमंडकडे पाहिले. तो बागेकडे बघत होता.

नंतर मी त्याला अंगणात गाठले. "सभेत म्हणालास, तुझेही अडकलेत."

"अडकले होतेच की," तो म्हणाला. "प्लिमथच्या फेरीचे."

एक फेरी. एवढी एक फेरी त्याने मुद्दाम मागे ठेवली होती, सभेत आमच्या शेजारी बसता यावे म्हणून. परक्या मालकाने लुबाडले ते मी विसरलो असतो, तो त्यासाठीच आला होता. लीगने नियम दाखवला, तोही समजू शकतो. क्लबांनी एकमेकांना बुडवू नये म्हणून तो केला असेल. पण रेमंडने मला माझ्याच प्रेमाने बांधून दिले. ब्रेंडाला हे कळले नाही, एवढेच बरे झाले. ती भावाला चांगला समजत मेली.

चौथे. पोस्टातील व बँकेतील शिल्लक अशी वाटावी. सर्वांआधी दुकानातल्या तिघी, म्हणजे डोरीन, पॉलिन आणि आयरीन, यांना नोटिशीच्या काळाचा पगार, जो मी तेव्हा देऊ शकलो नाही. मग मॉरीन स्लेटर हिला धुलाईचे, आणि मग स्वयंसेवकांना मलमपट्टीचे, जेवढे क्लबने बुडवले तेवढे. सगळ्यांना पूर्ण. उरेल ते जिलियनला. मॉरीन घेणार नाही. तिला सांगावे की हे लीगच्या नियमाप्रमाणे आहे, फक्त रांग उलटी आहे.

पाचवे. लाटणी, पत्र्याचे साचे, कडा दुमडायचा पितळी चिमटा आणि सारणाची कृती डोरीनला. पांढरी मिरी घालावी, काळी नव्हे. या पाई तिने चर्चच्या जत्रेत विकाव्यात, बाजारात विकाव्यात, पाहिजे तर रस्त्यावर विकाव्यात. टॅनर्स लेनच्या फाटकाच्या आत विकू नयेत.

सहावे. रेमंड डकवर्थ याने १९९८ साली माझी लाकडी शिडी पन्हाळ साफ करायला नेली. ती त्यानेच ठेवावी. काचेची खोली बाहेरून पुसायला लागत असेल.

तो मार्च महिन्यात मला भेटायला आला होता, हेही नोंदवून ठेवतो. बरोबर क्लबचा नवा कार्यकारी अधिकारी होता, केसांना तेल लावलेला. क्लबची स्थिती पुन्हा नाजूक आहे आणि पुढचा हंगाम पार पाडण्यापुरता पैसा कुठून येणार हे लीगला दाखवायचे आहे, असे त्याने सांगितले. रेमंडने माझ्या खाटेवर बूड टेकले.

"विल्फ, ते जुनं मृत्युपत्र आहे ना अजून तसंच? अर्ध्या घराचं? तेवढं एक पत्र दे. आम्ही पाईच्या खिडकीला तुझं नाव देऊ."

"पाई कोणाच्या विकता तिथे?"

"आता... बाहेरून येतात. गोठवलेल्या."

"मग त्यांचंच नाव द्या."

"अरे, किती दिवस धरून बसणार आहेस! ब्रेंडाला तरी आवडलं असतं का हे?"

तिचे नाव त्याने घ्यायला नको होते. मी त्याला म्हणालो, "रेमंड, एकाच बसमध्ये होतो ना आपण? मग तू आधीच उतरून बाहेरून दार का धरून ठेवलं होतंस?" तो उठला. अधिकाऱ्याला काही कळले नाही. त्याने जाताना माझ्या उशाशी क्लबचे कॅलेंडर ठेवले.

सातवे. क्लबला कबूल केलेल्या अर्ध्या घराची जी किंमत ठरेल, तिच्यातील दर पौंडामागे दोन पेन्स जिलियनने क्लबला द्यावेत. सोबत प्रशासकाच्या पत्रातले वाक्य जसेच्या तसे पाठवावे, की ही रक्कम पूर्ण व अंतिम समझोता म्हणून स्वीकारावी, आणि आपल्या सहकार्याबद्दल आभार.

आठवे, अंत्यविधी. तो शनिवारी दुपारी तीन वाजता करावा, आणि त्याच वेळी टॅनर्स लेनवर घरचा सामना सुरू होत असला पाहिजे. उन्हाळ्यात गेलो तर हंगाम सुरू होईपर्यंत मला थंड जागी ठेवावे. शनिवारचे जास्तीचे पैसे द्यावे लागतील, ते द्यावेत. ज्यांनी मला खांद्यावर घेतले होते त्यांना एकदा निवड करू दे, एवढाच हेतू.

हे नसरीनबाईंना सांगत होतो तेव्हा जिलियन चहा घेऊन आत आली.

"डॅड, कुणी येणार नाही हो," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"रेमंडमामा तर नाहीच."

"तेही ठाऊक आहे."

ती कप धरून उभी राहिली. तिची जागा टॅनर्स लेनला उत्तरेच्या स्टँडमध्ये आहे, आधी ती तिच्या आईची होती. "आणि मी? मी कुठे जायचं?"

याचा मी विचार केला नव्हता. नसरीनबाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

म्हणून आठव्या कलमाला ही पुरवणी. जिलियनने त्या दिवशी सामन्याला जावे. तिच्यावर कसलेही बंधन नाही आणि कोणी तिला बोल लावू नये. त्या काचेच्या खोलीनंतर मी टॅनर्स लेनला पाऊल ठेवले नाही, असे इथे लिहायला मला फार आवडले असते. पण मी पुढच्याच शनिवारी गेलो होतो, आणि श्वास चालला तोवर दर शनिवारी गेलो, रेमंडपासून तीन रांगा सोडून. त्या सभेत त्याने मला फसवले ते एवढ्याच भरवशावर, की काहीही केले तरी हा कुठे जाणार आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, आणि मी खालील दोघांच्या समक्ष सही केली. या दोघांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

विल्फ्रेड ऑर्मरॉड (सही)

साक्षीदार: कीथ बार्टन, निवृत्त पोस्टमन, अठरा, बॉबिन स्ट्रीट (सही)
साक्षीदार: हेलन क्रॉस्डेल, जिल्हा परिचारिका (सही)

स्थळ: रॅशबर्न
गुरुवार, ९ मे २०२४