दळणाची चाल

बाबा, आईचं बोलणं गेलं. उन्हाळ्यात एका सकाळी तिच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला, आणि हात अन् शब्द दोन्ही एकदमच लुळे पडले. जीव वाचला म्हणून लोक मला नशीबवान म्हणतात. जिनं जन्मभर तुम्हाला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, ती आता तहान लागली तरी माझ्या तोंडाकडं बघत नुसती 'त... त...' करते. कळतं तिला सगळं, तेच वाईट. घरात आम्ही दोघीच. मी शाळेतून येते, कुकर लावते, आणि त्याच्या शिट्टीखेरीज कुणी काही बोलत नाही.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, "बोलण्याचं काम जास्त करून मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, आणि गुठळी तिथंच अडकली. गाण्याला मात्र दोन्ही बाजू लागतात. गुलमंडीचा रस्ता बंद असला की तुम्ही शहागंजवरून फिरून येता ना? तसं शब्दांना चालीवरून फिरवून आणायचं. त्यांच्या कानात मुरलेलं गाणं म्हणा, डाव्या हातानं ताल धरायला लावा आणि मधेच थांबा." मला हसूच आलं. आई आणि गाणं!

गाणारे तुम्ही. दिवसभर दुकानात कापड मोजायचं आणि जयंती जवळ आली की घरी पाऊल टाकताच गायन पार्टीची तालीम. बाकीची पार्टी पाचोडकडची, ती थेट कार्यक्रमाच्या दिवशी उगवणार, म्हणून कोरस तुम्हाला स्वयंपाकघरातून हवा असायचा. अजून दिसतं मला. तुम्ही उंबऱ्यात बसलाय, पिठाचा रिकामा डबा मांडीवर, अर्धी ओळ म्हणून आईकडं बघत थांबलाय. ती भाकरी थापतेय. वर न बघता तुमच्याच चालीत उरलेली ओळ भरते, "दळण आणा, दळण आणा!" मी हसून लोळते. "आगं, कोरस म्हनतीस का दळण सांगतीस?" तुम्ही विचारता. "रिकामा डबा लई वाजायलाय. आधी भरून आणा त्याला." पण ताल तिचा कधी चुकला नाही. तुम्ही गेलात आणि ती साधं गुणगुणलीसुद्धा नाही. डबा माळ्यावर गेला, पीठ पाकिटातून यायला लागलं.

मी तो डबा खाली काढला. आईचा डावा हात त्याच्यावर ठेवला आणि तुमची अर्धी ओळ म्हणायला लागले. माझा गळा म्हणजे आनंदच आहे. शेजारीण विचारून गेली, "क्लास लावला की काय मॅडम?" म्हणायचं, थांबायचं, आणि समोरून काहीच नाही. त्या थांबण्याइतकं एकटं मला तुम्ही गेलात तेव्हाही वाटलं नव्हतं. मग एके दिवशी तिची बोटं डब्यावर हलली आणि ओठांतून आलं, "द...ळण आणा." चालीत, आणि त्याच रागानं! मी रडले, आणि घरात पीठ असताना डब्यात गहू भरून गिरणीवर गेले.

आता पाणी, चहा, गोळी, सगळं मी त्याच चालीत बसवलंय. थोडं थोडं येतं. माझं नावही बसवलं. ते मी रोज म्हणते आणि थांबते. ती माझ्याकडं मायेनं बघते, ओठ हलवते, पण नाव काही येत नाही. तिनं एकदा मला हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

काल मी भाकऱ्या थापत होते आणि पाठीमागून हाक आली, "आवो!" चाल नाही, ताल नाही, अगदी सरळ. वळून बघितलं तर ती उंबऱ्याकडं बघत होती. इतक्या महिन्यांत सरळ वाटेनं आलेला पहिला शब्द, आणि तो तुमचा. खोटं कशाला बोलू, मला तुमचा हेवा वाटला. तिनं पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज घाबरलेला होता. कुणीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून ते डब्याखालीच राहील. एवढं मात्र सांगते. काल मी तिच्याकडं पाठ केली, आवाज जाड केला आणि तुमची ओ दिली. आज सकाळपासून तिच्यासमोर मी माझं नाव म्हटलेलं नाही.